तळहातानं ऐकलेला ठोका

मी बोलतोय, पण माझा आवाज कानावर पडणार नाही. तो घ्यायला तळहात लागतो. मी उटनूरच्या बाजारातल्या एका घड्याळाच्या दुकानातला सागवानी स्टँड. नागसेन मिस्त्री मला ‘घोडी’ म्हणतो, तुळजाबाई ‘ष्टँड’ म्हणतात, आणि ज्यांच्यासाठी मी घडलो ते भगवंतराव मला काहीच म्हणत नाहीत. ते नुसता हात ठेवतात.

घड्याळाच्या दुकानात स्टँडचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ बिघडलं की कारागीर त्याचं मशीन पेटीतून काढतो, उघडतो, धुतो, पुन्हा जुळवतो. मग ते नीट चालतंय का हे बघायचं, तर पेटीत घालावं लागतं. आणि पेटीत गेलं की आतलं काही दिसत नाही. म्हणून एक मोकळी चौकट करतात. तिच्यावर मशीन उघडंच टांगायचं, खाली लंबक सोडायचा आणि चारी बाजूंनी बघत बसायचं. ती चौकट म्हणजे मी. दुखण्यातून उठलेलं घड्याळ घरी जाण्याआधी माझ्या अंगावर काही दिवस राहून जातं.

आधी मी आदिलाबादकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये छपराखालची तुळई होतो. खाली यंत्रांत सरकी वेगळी व्हायची आणि वर दिवसभर माझं अंग थरथरत असायचं. पुढे ती शेड पाडली आणि नागसेननं मला आपल्या अंगणात आणून टाकलं. कुणाची चौकट होईन, कुणाचा पलंग होईन, अशी वाट बघत मी तिथं आडवा पडलो होतो. भगवंतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच.

भगवंतराव आणि नागसेन एका शाळेतले. एकानं रंधा धरला, दुसऱ्यानं घड्याळं. भगवंतरावांचे कान कसे होते हे नागसेन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दुकानात भिंतभर घड्याळं चालू असायची, आणि त्यातलं एखादं अडखळलं की भगवंतराव जेवता जेवता मान वर करायचे. “कोपऱ्यातलं लंगडून राह्यलं,” म्हणायचे. घड्याळाच्या टिक आणि टाकमधलं अंतर सारखं असावं लागतं. ते कमी-जास्त झालं की घड्याळ लंगडतं आणि थोड्या वेळानं थांबतं. बाकीचे कारागीर भिंग लावून जे शोधत, ते यांना पाठ फिरवूनही कळायचं.

मग ताप आला. तो उतरला तेव्हा कान घेऊन गेला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नसच सुकली. कानात घालायचं मशीन लावून पाहिलं, तर त्यातून नुसता गलका यायचा, शब्द यायचा नाही.

भगवंतरावांनी शटर खाली ओढलं. त्याच दुकानाच्या शटरबाहेरच्या फळीवर त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईंचा, बांगड्यांचा धंदा होता. तेवढा चालू राहिला. तुळजाबाई त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून सांगायच्या: भाकर, पाणी, पाहुणे. ते हो-नाही म्हणायचे. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्यांना समजेनासं झालं होतं. एकदा ते ‘चहा दे’ इतक्या जोरात म्हणाले की बांगड्या भरायला आलेली बाई दचकून उठली. तेव्हापासून त्यांनी बोलणंही कमी केलं.

रोज दुपारी ते नागसेनच्या अंगणात येऊन बसायचे, माझ्या एका टोकावर. नागसेन काम करायचा, हे बघायचे. माणसं माणसाजवळ नुसती बसूही शकतात, हे मला तेव्हा कळलं.

एके दुपारी नागसेन माझ्या दुसऱ्या टोकाला खाच पाडायला बसला. त्यानं पटाशी लावली आणि वर हातोडा मारला. भगवंतरावांचा हात माझ्यावर टेकलेला होता. ते ताडकन उठले.

“काय झालं रे? इचू चावला का?” नागसेननं हातानं विचारलं.

भगवंतराव माझ्याकडे बघत होते. मग खाली बसले आणि दोन्ही तळहात माझ्यावर पसरले.

“मार,” ते म्हणाले. “थांबू नको. अजून मार!”

रस्त्यावरून चाललेली शेळी जागीच उभी राहिली, एवढा तो आवाज होता. नागसेननं एक घाव घातला. “एक,” भगवंतराव म्हणाले. नागसेननं पाठोपाठ दोन घातले. “दोन.” मग नागसेननं हातोडा खाली ठेवला आणि एक खिळा घेऊन माझ्या अंगावर हळूच ओरखडा ओढला.

“खरडून राह्यला तू,” भगवंतराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडावर हसू होतं. “नागसेन, मले लाकडातून समजून राह्यलं रे!”

मी एवढी वर्षं लाकूड होतो. माझ्या एका टोकाचं दुसऱ्या टोकाला पोचतं हे मला ठाऊक होतं. पण ते पोचलेलं कुणी घ्यायला बसलं आहे, हे मी पहिल्यांदा अनुभवलं. त्या दोन तळहातांखाली मी जसा गप्प झालो, तसा कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून माझं घडणं सुरू झालं.

नागसेननं मला कापून पहिल्यांदा जी चौकट केली ती भरभक्कम होती. दोन जाड खांब, वर जाड आडवं लाकूड, खाली बैठक. भगवंतरावांनी दुकानातल्या एका जुन्या घड्याळाचं मशीन तिच्यावर टांगलं, लंबकाला हलका धक्का दिला आणि हात ठेवला. लंबक झुलत होता, घड्याळ चालत होतं, पण हाताला काहीच लागेना. एवढ्या जाडीत एवढासा ठोका कुठं तरी विरून जात होता.

नागसेननं मला तासून बारीक केलं. आता ठोका हाताला लागायला लागला, पण मीच डुलू लागलो. लंबक डावीकडे गेला की मी किंचित उजवीकडे, तो उजवीकडे आला की मी डावीकडे. त्याची सगळी ताकद माझ्या डुलण्यात जायची आणि घड्याळ थकून थांबायचं. पायाखाली रबर घालून पाहिलं, तर रबरानं उरलासुरला ठोकाही गिळला.

भगवंतराव खचले. “राहू दे,” ते म्हणाले. “चूल पेटवायला घेऊन जा त्याले.”

तुळजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या नागसेनला म्हणाल्या, “भाऊ, ढोलक्याचं लाकूड जाड राह्यते, पण थाप त्या पातळ कातड्यावरच पडते ना? यालेबी तसंच काही करता येईन का?”

नागसेननं हातातला रंधा खाली ठेवला. मग त्यानं माझ्याच उरलेल्या तुकड्यातून नवे जाड खांब काढले, ते फरशीच्या जड दगडात पाचरी ठोकून पक्के बसवले, आणि त्या खांबांच्या मधोमध एक पातळ फळी ताणून घातली. मशीन धरायला दोन लोखंडी पट्ट्या केल्या, लहान-मोठं कुठलंही मशीन बसावं म्हणून पुढे-मागे सरकणाऱ्या. दगडाखाली पेचाचे पाय लावले, जमीन उंचसखल असली तरी मला सरळ उभं करता यावं म्हणून. आता माझी हाडं घट्ट होती आणि छाती पातळ. असा मी झालो.

मशीन टांगलं. चावी दिली. लंबक सोडला. भगवंतरावांनी डोळे मिटले आणि माझ्या फळीवर तळहात ठेवला.

टिक.

मी जे सांगतोय ते तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पितळेचं एक चाक, त्याच्या एका दात्यावर पोलादाचा एक हुकासारखा नाजूक आकडा येऊन आपटतो; एवढंच ते. पण ते आपटणं माझ्या फळीतून गेलं, माझ्या रेषारेषांतून फिरलं आणि एका माणसाच्या कातडीत शिरलं. आणि तो माणूस, ज्याच्या जगात कित्येक महिने काही हललं नव्हतं, त्याचे ओठ हलू लागले. टिक, टाक. टिक, टाक. आवाज न करता तो घड्याळाबरोबर बोलत होता. मी लाकूड नसतो तर माझ्या अंगावर काटा आला असता.

तेवढ्यात तास भरला आणि घड्याळानं ठोके दिले. भगवंतराव पुढे झुकले, त्यांनी गाल माझ्या फळीला लावला आणि शेवटचा ठोका विरेपर्यंत तसेच राहिले. मग हसायला लागले. आपण किती मोठ्यानं हसतोय ते त्यांना कळत नव्हतं, आणि त्या दिवशी तुळजाबाईंनी त्यांना हळू हसा असं सांगितलं नाही.

शटर वर गेलं. पण घड्याळं लगेच आली नाहीत. “बहिऱ्यापाशी घडी द्यायची?” असं बांगड्यांच्या फळीशी उभं राहून लोक बोलायचे, त्यांना कुठं ऐकू येतं, या हिशेबानं मोठ्यानंच बोलायचे. एक जण ठेवलेलं घड्याळ परत घेऊन गेला. हापिसात कागदं घेऊन आलेला एक तेलुगू मास्तर मात्र हसून आत आला, माझ्याकडे बोट दाखवून “इदि एमिटि?”, म्हणजे ‘हे काय?’, म्हणाला, आणि तुळजाबाईंनी त्याचा हात धरून माझ्या फळीवर ठेवला. तो गेला तो दुसऱ्या दिवशी आपल्या वडिलांचं घड्याळ घेऊनच आला.

भगवंतराव शिकत होते. माझ्यातून नुसतं घड्याळ येत नसे. रस्त्यावरची बस यायची, ट्रॅक्टर यायचा, बाजाराच्या दिवशी शेकडो पावलं यायची. हे सगळं गाळून त्यांना फक्त घड्याळ घ्यायचं होतं. तेही हळूहळू जमलं. एक गोष्ट मात्र त्यांना छळायची. खूप वेळ हात ठेवला की त्यांना त्यांच्या स्वतःच्या नाडीचे ठोके लागायचे. कोणता ठोका घड्याळाचा आणि कोणता आपल्या रक्ताचा, हे त्यांना समजेनासं व्हायचं. कानांवर जसा त्यांचा विश्वास होता तसा हातावर अजून बसला नव्हता.

अशा दिवसांत बयनाबाई आल्या.

नार्नूरकडच्या गावातून ऑटोनं, मांडीवर घड्याळ घेऊन. सोबत मुलगा देवानंद; त्याचं आदिलाबादला किराणा दुकान. बयनाबाईंचे डोळे लहानपणी देवी आल्या त्यात गेलेले. त्यांनी घड्याळ कुणाच्या हाती दिलं नाही, चाचपत दुकानाच्या फळीपर्यंत आल्या आणि स्वतःच ठेवलं.

“माह्या बापानं लग्नात देल्ली ही घडी,” त्या तुळजाबाईंना म्हणाल्या. “पोरीले दिसत नाई, वेळ समजली पायजे म्हणून. हिचे ठोके ऐकून मी शेळ्या सोडतो, नळाचं पाणी भरतो, गोळी खातो. आता ही मधेच थांबून राह्यली. दोन जागी दाखवली. तिथं चालते, घरी आणली का थांबते.”

“मावशी, आता बोलणारे फोन येतात ना,” तुळजाबाई म्हणाल्या.

“आनला यानं. पन त्याले इचारावं लागते. ही न इचारता सांगते.”

देवानंद बाजूला उभा होता. त्यानं तुळजाबाईंना हळू आवाजात सांगितलं. मागच्या महिन्यात घड्याळ थांबलं होतं. मायला कळलं नाही. तास पडलाच नाही, म्हणजे आपण गोळी घेतलीच नाही, असं समजून तिनं साखरेच्या आजाराची गोळी पुन्हा घेतली. शेजारणीला ती ओट्यावर बेशुद्ध सापडली.

“मी तिले म्हनलं, आदिलाबादले चाल. ते आयकत नाई. तिच्या घरात तिले भित्त अन् भित्त ठाऊक हाये, चुलीपासून विहिरीलोक. माह्या घरी तिले हात धरून फिरवावं लागन. मलेबी ते बरं वाटत नाई, वयनी. पन करू काय? आता ठरलं हाये. या येळेस घडी नीट झाली त ठीक, नाई त ते माह्यासंग येईन.”

बयनाबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. फळीवरच्या घड्याळावर त्यांची बोटं फिरत राहिली.

मशीन माझ्या अंगावर चढलं. भगवंतरावांनी ते उघडलं होतं, धुतलं होतं, जुळवलं होतं. ते चाललं, आणि छान चाललं. तरीही भगवंतराव समाधानी नव्हते. दिवसभर येऊन येऊन हात ठेवत होते. मधेच त्यांच्या कपाळाला आठी पडायची, मग ते हात उचलून आपल्याच मनगटाची नाडी बघायचे आणि मान हलवायचे.

मला ठाऊक होतं. एका चाकाच्या एका दात्याशी काहीतरी होतं. ते चाक फिरत फिरत त्या जागी आलं की मशीनचा जोर उतरायचा, चढावर चालणारं माणूस दम घेतं तसा. तेवढ्या काळात ठोका किंचित नरम पडायचा. मग दाता पुढे सरकायचा आणि पुन्हा सगळं ठीक. माझ्यावर, सरळ केलेल्या पायांवर, घड्याळ ती जागा ओलांडून जायचं. घरच्या भिंतीवर जरा कललं की तिथंच थांबत असणार. मला सगळं लागत होतं, पण सांगणं माझ्या हाती नव्हतं. आलेला ठोका जसा आला तसा पुढे द्यायचा, एवढंच मला करता येतं.

ठरलेल्या दिवशी मायलेक आले. घड्याळ माझ्यावर चालूच होतं. देवानंद म्हणाला, “झाली ना नीट?”

भगवंतराव तुळजाबाईंकडे बघून म्हणाले, “चालते. पन मी देत नाई.” त्यांचा आवाज फार खाली गेला होता. “मधात एका जागी ठोका नरम लागते मले. का माहा हातच धोका देऊन राह्यला, समजत नाई. त्याइले सांग, मले भरोसा नाई.”

देवानंदनं मोठा श्वास सोडला. “त मंग ठरल्यापरमानं, माय,” तो म्हणाला.

बयनाबाई उभ्या होत्या. “मले हात लावू द्या,” त्या म्हणाल्या.

तुळजाबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचा हात माझ्या फळीच्या उजव्या बाजूला ठेवला. शेण-मातीनं, काड्या-काट्यांनी राठ झालेला हात. पण बोटांची टोकं अशी जागी, की मला वाटलं ती माझ्या रेषा मोजताहेत. डावीकडे भगवंतरावांनी हात ठेवला. तुळजाबाईंनी नवऱ्याच्या दुसऱ्या तळहातावर बोटानं लिहिलं आणि बयनाबाईंच्या कानाशी तेच सांगितलं: “ठोका नरम लागला का बोट वर करा. बोलू नका.”

एकाला ऐकू येत नव्हतं, एकीला दिसत नव्हतं. त्यांना एकमेकांशी एक शब्द बोलता येत नव्हता. त्यांच्या मधे मी होतो, आणि माझ्या छातीवर एक घड्याळ चालत होतं.

मोठा काटा सरकत राहिला. देवानंद आधी फोन बघत होता, मग त्यानं तो खिशात टाकला. बांगड्या घ्यायला आलेल्या दोघी दारातच उभ्या राहिल्या.

काटा चाराच्या आकड्याजवळ आला. चाक त्या जागी आलं. ठोका दमला.

बयनाबाईंचं बोट वर झालं. त्याच क्षणी भगवंतरावांचंही झालं.

तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला. ती दोन बोटं एकदम वर झालेली त्या दोघांपैकी कुणालाच दिसली नव्हती. बयनाबाईंना दिसत नव्हतं आणि भगवंतरावांनी डोळे मिटलेले होते. ज्यांनी पाहिलं ते नुसते बघत राहिले. तुळजाबाईंनी नवऱ्याचा हात ओढून त्यावर लिहिलं.

“तिचंबी?” भगवंतरावांनी विचारलं.

तुळजाबाईंनी मान हलवली.

“एकडाव होऊ शकते,” ते म्हणाले. “अजून एक फेरा पाहू.”

चहा आला. देवानंदनं ऑटोवाल्याला परत पाठवलं. काटा पूर्ण गोल फिरून पुन्हा चाराजवळ आला, आणि पुन्हा दोन्ही बोटं एकदम वर झाली. यावेळी भगवंतरावांनी डोळे उघडे ठेवले होते. त्यांनी समोर पाहिलं. मग वाकून बयनाबाईंचा तो उंचावलेला हात हातात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

“मावशी,” ते म्हणाले, “माहा हात खोटा नाई.”

“तुहा कायले खोटा राहीन बापू,” बयनाबाई म्हणाल्या. “दमते ते तिथं. मी घरी ऐकत होतो ना. दमते अन् मंग थांबते. पन कोनी मानेच ना.”

हे भगवंतरावांना ऐकू आलं नाही. पण त्यांनी ‘व्हय, व्हय’ म्हटलं.

त्या दिवशी बयनाबाई तुळजाबाईंच्या घरी राहिल्या. सकाळी भगवंतरावांनी मशीन उतरवून खोललं. आता त्यांना नेमकं कुठं बघायचं ते ठाऊक होतं. काटा चारावर असताना जे दाते एकमेकांत येतात, तेवढेच त्यांनी भिंगाखाली धरले. एक दाता केसभर वाकलेला होता. त्यांनी तो बारीक चिमट्यानं सरळ केला, घासून गुळगुळीत केला, आणि मशीन पुन्हा माझ्यावर चढवलं.

दोघं पुन्हा बसली. दोन हात पुन्हा माझ्यावर आले. काटा चाराकडे निघाला.

मी आजवर पुष्कळ ठोके वाहून नेले, पण त्या काही क्षणांइतका सावध मी कधीच नव्हतो. चाक त्या जागी आलं. दाता दात्यात शिरला. टिक. टाक. टिक. टाक. जोर जसाच्या तसा. काटा चाराच्या पुढे गेला, पाचाला लागला.

कुणाचंच बोट वर झालं नाही.

बयनाबाईंनी फळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, “गेली पुढं.” आणि त्यांनी आपली मिटलेली पापणी पदरानं पुसली.

घड्याळ भिंतीवर लावायला भगवंतराव आणि तुळजाबाई त्यांच्या गावी गेले. मी इथंच होतो. पण परत आल्यावर तुळजाबाईंनी नागसेनला सांगितलं ते ऐकलं. भिंतीत खिळा देवानंदनंच ठोकला म्हणे. घड्याळ सरळ लागलं का हे तो खाली उतरून, मागे सरकून पुन्हा पुन्हा बघत होता. पहिला तास पडला तेव्हा बयनाबाईंनी त्याला पाणी भरायला हंडा दिला आणि म्हणाल्या, “चाल, नळ येईन आता.” हंडा डोक्यावर घेऊन निघताना तो तुळजाबाईंजवळ थांबला. “राहू द्या मायले हितंच,” म्हणाला. “मीच येत जाईन.” त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो येतो-जातो, आणि वाटेत आमच्या दुकानाच्या फळीशी थांबून ‘चालून राह्यली’ म्हणून हातानं खूण करून जातो.

आता माझं असं चाललं आहे. घड्याळं येतात, पूर्वी यायची असं ऐकून होतो तेवढी नाहीत. बहुतेक घरांत सेलवरची आहेत, त्यांना मी लागत नाही. पण उटनूर, नार्नूर, थेट भीमपूरकडूनही कुणी कुणी माळ्यावरचं जुनं घड्याळ फडक्यात गुंडाळून आणतं, आणि मग काही दिवस माझी छाती भरलेली असते. रिकामा असतो तेव्हाही भगवंतराव सकाळी शटर उघडलं की आधी माझ्यावर हात ठेवतात. बस लागली का, बाजार भरतोय का, शेजारचा दळणवाला आला का, हे त्यांना माझ्याकडून कळतं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी एखादं लंबकाचं घड्याळ बंद पडून वर ठेवलेलं असेल तर ते खाली उतरवा. चावी द्या, पेटीवर हात ठेवा आणि थोडा वेळ काही बोलू नका. माणसाच्या हाताला किती समजतं ते मी पाहिलं आहे, आणि अजून मला त्याचं नवल वाटतं.

जाता जाता परवाची गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘आइकलं का’ म्हणतात, तीच हाक. भगवंतरावांचे कान गेले तेव्हापासून तुळजाबाईंनी ते दोन शब्द टाकून दिले होते. काय सांगायचं ते त्यांचा हात धरून, लिहून सांगायच्या.

परवा दुपारी भगवंतराव पाठमोरे बसून एक चाक पुसत होते. डावा हात माझ्या खांबावर होता. तुळजाबाई डबा घेऊन आत आल्या. हातात डबा, काखेत पाण्याची बाटली. लिहायला बोट मोकळं नव्हतं. त्यांनी कोपरानं माझ्या फळीवर दोनदा ठकठक केलं, आणि त्याबरोबर त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अवो, आइकलं का?”

बोलून झाल्यावर त्या स्वतःच थबकल्या.

भगवंतरावांनी मागे वळून पाहिलं नाही. चाक फडक्यावर ठेवलं.

“आइकलं,” ते म्हणाले.

तुळजाबाई तशाच उभ्या. डबा हातात, डोळे भरलेले. माझ्यातून भगवंतरावांना एवढंच समजलं असणार की कुणीतरी उभं आहे आणि हलत नाही.

“आइकलं म्हनलं ना,” भगवंतराव पुन्हा म्हणाले, यावेळी अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. “वाढ आता भाकर.”